तारपा, डीजे आणि वेगाचे भांडण

एखाद्या वादकाने किंवा वाद्यवृंदाने आपली वाजवण्याची रीत बदलली की त्याच्या चाहत्यांत दोन तट पडतात, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे. संगीत अधिक जलद आणि अधिक दणदणीत झाले तर विचारावयासच नको! एक तट म्हणतो, आता कुठे रंग भरला. दुसरा म्हणतो, संगीत संपले आणि गोंगाट तेवढा उरला. आपल्या पालघर-बोईसर परिसरात हा वाद तारपा आणि डीजे यांच्या निमित्ताने ऐकू येतो. तारप्याभोवती फिरणारी पावले आता पुष्कळ ठिकाणी ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे नाचतात. तारप्याचीच चाल की-बोर्डवर घेऊन, तिचा वेग वाढवून आणि तिच्याखाली यंत्राचा ठेका घालून केलेली गाणी ‘तारपा डीजे’ अशा नावाने मोबाईलवर फिरतात. ही प्रगती म्हणावी की अधोगती, असा प्रश्न आपण लगेच विचारतो. प्रस्तुत लेखात मात्र त्याच्या आधीचा एक प्रश्न विचारावयाचा आहे. श्रोते ‘वेग फार वाढला’ अशी तक्रार करतात, तेव्हा त्यांची खरी तक्रार वेगाबद्दल असते काय?

प्रथम तारपा हे वाद्य नीट समजून घेऊ. वाळवून पोकळ केलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांच्या तोंडाशी जिभेसारखी थरथरणारी पातळ पट्टी, सांधे बुजविण्यासाठी मधमाशांचे मेण आणि शेवटी ताडाच्या पानांचा लांब कर्णा, अशी त्याची घडण असते. सारे साहित्य रानातले आणि परसातले. वादक भोपळ्याच्या भोकातून हवा फुंकतो. भोपळा हवेची पिशवी म्हणून काम करतो आणि सूर अखंड राहतो. सूर तुटू नये म्हणून गालांत साठवलेली हवा आत सोडीत असतानाच नाकाने नवा श्वास घ्यावा लागतो. ही युक्ती सांगावयास सोपी आहे. साधण्यास वर्षे लागतात.

भाताची कापणी जवळ आली, नवे धान्य घरात यावयाची वेळ झाली, की तारप्याचा हंगाम सुरू होतो. रात्री मोकळ्या जागेत वादक मध्ये उभा राहतो. स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून साखळी करतात आणि त्याच्याभोवती फिरू लागतात. साखळीतील म्होरक्याच्या हातात घुंगरांची काठी असते. ती जमिनीवर आपटून तो ताल धरतो. तारप्याच्या निरनिराळ्या चालींना ‘चाळे’ म्हणतात. वादकाने चाळा बदलला की पावले बदलतात. वादकही पावलांवर नजर ठेवून असतो. नाचणारे दमले की तो सूर लांबवतो, रंगात आले की चाल उचलतो. वेग आधी ठरवून कोणी येत नाही. तो या देवघेवीतून ठरतो. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८, पद्मश्री २०११) यांच्यामुळे वारली चित्रकला जगभर पोचली. त्या चित्रांतील तारपानाच आठवून पाहावा. वादक एका कडेला, उंचावर उभा नसतो. तो साखळीच्या आत, नाचणाऱ्यांच्याच जमिनीवर असतो. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या चित्रात आहे.

आता डीजे. येथे ठेका यंत्रात आधीच बांधलेला असतो. तो पहिल्या मिनिटास जेवढा असतो तेवढाच विसाव्या मिनिटास राहतो. आवाजाची ताकद तर निराळीच! डेसिबल हे माप साध्या बेरजेचे नाही. आकडा १० ने वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन करणे ही कानाची मर्यादा मानली, तर दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ध्वनिवर्धकांस मनाई आहे, आणि सणासुदीला सवलत मिळाली तरी ती वर्षातून मोजक्या दिवसांची व मध्यरात्रीपर्यंतचीच. खालचे, जड स्वर कानाबरोबर छातीतही घुमतात. डीजेची भूल पडते ती यामुळेच.

या बदलाविषयीची मते ढोबळमानाने तीन प्रकारची दिसतात. पहिले मत वडीलधाऱ्यांचे. त्यांच्या मते यंत्राच्या ठेक्यावर म्हाताऱ्याकोताऱ्यांना नाचता येत नाही, साखळी तुटते आणि जो तो एकटा उड्या मारतो. दुसरे मत तरुणांचे, आणि ते उडवून लावण्यासारखे मुळीच नाही. कुंभवलीसारख्या, तारापूर औद्योगिक वसाहतीच्या शेजारच्या गावांतील तरुण पाळीवर कामाला जातो. हंगामातील सगळ्या रात्री मोकळ्या ठेवणे त्याला परवडत नाही. तारपा शिकावयास लागणारी वर्षे त्याने कोठून आणावी? शिवाय इतरांची लग्ने, मिरवणुका दणक्यात होत असताना आपण मात्र ‘पारंपरिक’ राहावे, अशी अपेक्षा आपल्याकडूनच का, हा त्याचा सवाल रास्त आहे. तिसरे मत फारसे बोलून दाखवले जात नाही, ते लग्नघरातले. वारली लग्नात धवलेरी गाते आणि तिच्या गाण्यांनीच लग्न लागते. ती गाणी हाच लग्नाचा मंत्र होय. बाहेर डीजे लागला की तो मंत्र वधूवरांनाही ऐकू येत नाही. येथे आवडीनिवडीचा प्रश्न संपतो आणि विधीचा सुरू होतो.

असे वाद केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. मराठी रंगभूमीवरचाच दाखला घ्या. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) गोड, सावकाश फुलणाऱ्या गायकीवर पोसलेल्या रसिकांपुढे मास्टर दीनानाथ मंगेशकर (१९००–१९४२) आपली आक्रमक, चपळ, फेकीच्या तानांची गायकी घेऊन आले, तेव्हा श्रोत्यांत असेच तट पडले. आज नाट्यसंगीताचा अभ्यासक दोघांनाही एकाच परंपरेत मानाने बसवतो. नुसता वेग वाढल्याने परंपरा बुडत नाही, एवढे यावरून म्हणता येईल.

याहून बोलका दाखला परदेशातील ‘पंक’ संगीताचा आहे. १९७०–८० या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये हे संगीत उदयास आले. त्या वेळी रॉक संगीत मोठाल्या क्रीडागारांत शिरले होते. वादक लांबलांब एकल वादन करीत आणि श्रोते दुरून ते पाहत. पंकवाल्यांनी याविरुद्ध बंड केले. दोनतीन सोपे स्वरसमूह, छोटी गाणी, लहान खोलीवजा सभागृह आणि ज्याला गिटार नीट येत नाही त्यानेही वाजवावे, हा त्यांचा बाणा होता. ‘रामोन्स’ या वाद्यवृंदाच्या १९७६ सालच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत चौदा गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात! श्रोता उठून व्यासपीठावर चढे, ध्वनिक्षेपक हाती घेई. गाणारा आणि ऐकणारा यांच्यात भिंत नव्हती.

पुढे यांतील काही वाद्यवृंद ‘मेटल’ या जड, घणाघाती संगीताकडे वळले. अमेरिकेतील टेक्सासच्या ‘डी.आर.आय.’ या वृंदाने आरंभी विजेच्या वेगाची, मिनिटभराचीही नसलेली गाणी केली होती. १९८७ साली त्यांची ‘क्रॉसओव्हर’ ही ध्वनिमुद्रिका आली, तीत गाणी लांबली आणि गिटारचा बाज भारदस्त झाला. जुन्या चाहत्यांपैकी काहींनी ‘हे आपले राहिले नाहीत’ असे म्हटले. मेटलचे चाहते मात्र नव्याने त्यांच्याकडे आले, आणि जे दोन गट एकमेकांचे तोंड पाहत नसत ते एका सभागृहात येऊ लागले. या मिश्र प्रकाराला पुढे ‘क्रॉसओव्हर’ हेच नाव रूढ झाले.

आता याच्या जोडीला दुसरे उदाहरण ठेवा. कॅलिफोर्नियाचा ‘ब्लॅक फ्लॅग’ हा वृंद वेगासाठीच नावाजलेला होता. १९८४ सालच्या ‘माय वॉर’ या ध्वनिमुद्रिकेच्या दुसऱ्या बाजूवर त्यांनी तीनच गाणी दिली. प्रत्येक सहा मिनिटांहून लांब, संथ आणि जड. तेव्हाही चाहते चिडले! इंग्लंडच्या ‘डिस्चार्ज’ या वृंदाने १९८६ साली गायनाचा ढंगच पालटला, तर त्याच्या कट्टर चाहत्यांनीच त्याला झिडकारले. म्हणजे पहा, एकाने गाणी भारदस्त व लांब केली म्हणून राग, दुसऱ्याने वेग उतरविला म्हणून राग, तिसऱ्याने गळा बदलला म्हणून राग. यांतील समान धागा वेग हा नव्हे. वादक अजून आपल्यात उभा आहे, की आपण नुसते पाहणारे झालो आहोत, ही त्या सर्वांच्या मनातील शंका होती.

हेच माप आता आपल्या अंगणात लावून पाहू. तारप्याच्या नाचात वादकाची नजर नाचणाऱ्यांच्या पावलांवर असते. डीजेत ही नजर राहते काय? यावर कोणी म्हणेल की हुशार डीजेवालाही गर्दीचा रंग पाहूनच गाणे बदलतो. हे खरे आहे. परंतु तो तयार गाण्यांतून एक उचलतो. चालू गाणे दमलेल्या पावलासाठी सैल होत नाही. दुसरे असे की एवढ्या आवाजात नाचणाऱ्याला उत्तर देता येत नाही. घुंगरकाठीचा आघात, मध्येच उठणारी आरोळी, म्होरक्याचा इशारा, सारे बुडून जाते. हरवते ती ही देवघेव. मग ठेका जलद असो की संथ.

याच मापाने पाहिले तर दुसऱ्या बाजूलाही दोष लागतो. तारपा ‘जपण्यासाठी’ आपण तो महोत्सवाच्या आणि स्वागतसमारंभाच्या व्यासपीठावर नेतो. तेथे वर्तुळ मोडून अर्धगोल होते, कारण प्रमुख पाहुण्यांना पाठ दाखवावयाची नसते. वेळ पाच मिनिटांची मिळते. वादकाचे तोंड प्रेक्षकांकडे फिरते. वाद्य अस्सल, पोशाख अस्सल, पण नजर पावलांवरून उठलेली! अशा तारप्यात आणि डीजेत फार अंतर उरत नाही. तरुणांना व्यासपीठावरचा हा तारपा परका वाटला, तर नवल नाही.

जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, ही आपल्या जिल्ह्यास अभिमानाची गोष्ट आहे. पण सन्मान एका वादकाचा होतो, आणि तारपा एकट्याने वाजत असला तरी एकट्याने जगत नाही. त्याला साखळी लागते. एक जाणता वादक गेला की त्याच्या बोटांतले चाळे जातात. की-बोर्डवर एखादी चाल उतरली तरी ती एकाच वेगात गोठलेली असते. कोणत्या पावलाला कोठे थांबावयाचे, हे ज्ञान तीत उतरत नाही.

मग करावे काय? डीजेला शिव्या देऊन तारपा वाचणार नाही. ज्या तरुणाला की-बोर्डवर तारप्याची चाल बसवावीशी वाटते, त्याच्या कानात तारपा आहे हे विसरू नये. त्याने एक हंगाम तरी एखाद्या तारपावादकाशेजारी उभे राहून, तो पावलांकडे कसा पाहतो ते पाहावे. त्याच्या ठेक्यात फरक पडल्यावाचून राहणार नाही. आपल्या महाविद्यालयांनीही स्नेहसंमेलनात तारपा व्यासपीठावर न चढवता मैदानात ठेवावा, घड्याळ बाजूला ठेवावे आणि प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी साखळीत शिरावे. पाच-दहा मिनिटांत पाय चुकतील, वादक हसेल आणि चाल थोडी सावकाश करील. तारपा म्हणजे काय, हे तेवढ्या वेळात कळण्यासारखे आहे.