काठ, खोड आणि बिल्ला

खोलीतला दिवा मालवायचा. ड्रमची दोन्ही पानं काढून उरलेलं लाकडी नळकांडं ग्रॅनाइटच्या सपाट फरशीवर ठेवायचं, आत पेटती बॅटरी सोडायची आणि डोळा फरशीच्या पातळीला आणायचा. काठाखालून जिथे उजेडाची रेघ झिरपते, तिथे काठ झिजलेला किंवा वाकलेला असतो. तिथे पान नीट टेकत नाही आणि ड्रम कितीही ताणला तरी आवाज पसरट येतो. जुने ड्रम दुरुस्त करणारा माणूस जगात कुठेही असो, त्याचं काम या अंधारातून सुरू होतं.

'पान' हा शब्द मी ढोल-ताशा पथकातून उचलला आहे आणि लाकडी नळकांड्याला इथून पुढे 'खोड' म्हणणार आहे, तबल्याच्या दुकानात म्हणतात तसं. पाश्चात्त्य ड्रमसाठी हे शब्द चपखल बसतात, कारण रचना तीच: खोड, त्यावर ताणलेलं पान आणि ताण धरून ठेवणारी यंत्रणा. तबल्याला वादी आणि गठ्ठे असतात, ड्रमला धातूचं कडं, स्क्रू आणि खोडावर बसवलेले लग.

अशा पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या ड्रमची देखभाल हा अनेकांचा छंद आहे आणि त्यातल्या थोड्यांचा तो छोटा व्यवसाय होतो. तो कसा होतो, हे समजायचं तर आधी हे ड्रम आले कुठून ते पाहावं लागतं.

त्यातले बरेचसे आले शिकागोहून. विल्यम लडविग हा तिथल्या नाट्यगृहांत वाजवणारा ड्रमवादक. रॅगटाइमची लय इतकी जलद झाली होती की बेस ड्रमचं तेव्हाचं पेडल पायाला साथ देईना. म्हणून त्याने स्वतःच एक चपळ पेडल बनवलं. सोबतच्या वादकांनी तसंच मागितलं आणि १९०९ साली विल्यम आणि त्याचा भाऊ थिओबाल्ड यांनी 'लडविग अँड लडविग' ही कंपनी काढली. त्यांचा मेहुणा रॉबर्ट डॅन्ली अभियंता होता, त्याने पेडल सुधारलं. थिओबाल्ड १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला. पुढे बोलपट आले, मूकपटांना साथ करणाऱ्या हजारो वादकांचं काम गेलं, आणि १९२९च्या सुमारास कंपनी कॉन या वाद्यनिर्मात्याकडे गेली. विल्यमने १९३७ मध्ये पुन्हा सुरुवात केली, पण 'लडविग' हे नाव आता त्याचं राहिलं नव्हतं. ड्रमच्या बिल्ल्यावर नुसती 'डब्ल्यूएफएल' ही आद्याक्षरं आली. नाव परत विकत घ्यायला १९५५ साल उजाडलं.

एका घराण्याची ही कथा दुरुस्ती करणाऱ्याला तोंडपाठ असावी लागते, कारण ती बिल्ल्यावर लिहिलेली असते. बिल्ल्यावर कोणती अक्षरं आहेत, त्याचा आकार कसा आहे, त्यावर क्रमांक आहे का, यावरून ड्रमचं वय ठरतं. लडविगने क्रमांक घालायला सुरुवात केली ती १९६३च्या अखेरीस. मात्र बिल्ले क्रमाने लावले जातच असं नाही, हाताला येईल तो ठोकला जाई. त्यामुळे केवळ क्रमांकावरून साल सांगणाऱ्यावर जाणकार विसंबत नाहीत. ते खोडाच्या आत पाहतात. तिथे कित्येकदा लाल शाईत तारखेचा शिक्का असतो. बिल्ला एकाचा काढून दुसऱ्याला लावता येतो, शिक्का लाकडाबरोबर राहतो.

मग आला ९ फेब्रुवारी १९६४ हा दिवस. एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बीटल्स वाजवायला बसले, अमेरिकेत सुमारे ७ कोटी ३० लाख लोक ते पाहत होते आणि रिंगो स्टारच्या बेस ड्रमवर 'बीटल्स'च्या वर 'लडविग' ही अक्षरं ठळक दिसत होती. पैसे देऊन अशी जाहिरात कुणालाही करता आली नसती. हजारो पोरांना तोच ड्रम हवा झाला आणि कारखाना रात्रंदिवस पाळ्यांमध्ये चालू लागला. पोरं मोठी झाली, नोकरीला लागली, ड्रम माळ्यावर आणि तळघरात गेले. अमेरिकेत आज जुन्या ड्रमचा जो छोटा छोटा व्यापार चालतो, त्याची कच्च्या मालाची खाण म्हणजे ती तळघरं. रिंगोच्या स्वतःच्या १९६३च्या संचाला २०१५ मध्ये लिलावात २० लाख डॉलरहून अधिक मिळाले. तो आकडा वेगळ्या जगातला आहे. तळघरातून निघालेल्या संचाची किंमत ठरते ती त्याच्याशी किती माणसांनी किती छेडछाड केली यावरून.

मुंबईत तशी तळघरं नव्हती. इथे ड्रम आला तो जाझबरोबर. १९३५ साली लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला, आणि त्या संगीताला हात दिला तो प्रामुख्याने गोव्याच्या आणि काही पारशी वादकांनी. कावस लॉर्ड यांच्यासारखा तालवादक जाझमधून हिंदी चित्रपटसंगीतात आला, त्यांचे मुलगे केर्सी आणि बुजी तिथेच नावारूपाला आले. इथे ड्रम माळ्यावर विसावला नाही. हॉटेल, ध्वनिमुद्रण, लग्न, चर्चचा सण, असा तो हातोहात फिरत राहिला. कडं तुटलं तर लोहाराने जोडलं, लग हरवला तर दुसऱ्या कंपनीचा बसवला, त्यासाठी खोडाला नवीन भोकं पाडली. संग्राहकाच्या दृष्टीने तो ड्रम बाद. माझ्या दृष्टीने तो आपलं आयुष्य पुरतं जगला आहे, आणि अशा ड्रमवर काम करताना माझा हात जास्त जपून चालतो.

माझ्याकडे आलेला पहिला ड्रम असाच होता. वांद्र्याच्या एका वादकाच्या मुलीने घर रिकामं करताना दिलेला १३ इंची टॉम, म्हणजे बेस ड्रमवर बसवतात तो मधल्या आकाराचा ड्रम. ती म्हणाली, "डॅडींचा ड्रम हिरवा होता." खोडावर चिकटवलेल्या रंगीत वेष्टनाची जोडपट्टी जिथे एकावर एक चढते, तिथली कड मी हलकेच उचलली. आत प्रकाश कधी न पोचलेली दोन बोटं रुंद पट्टी होती, झगझगीत निळी. वरचा पारदर्शक थर साठ वर्षांत पिवळा पडला होता, आणि निळ्यावर पिवळा चढला की हिरवा दिसणारच. हे चकाकीचं निळं वेष्टन असंच म्हातारं होतं, हे पुढे कळलं. तिला ती पट्टी दाखवली तेव्हा ती कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली.

त्याच ड्रमवर मी चूक केली. आतला पांढरा रंग जागोजाग सोलला होता. बाहेरून एवढं सुरेख झालंय तर आतूनही करावं, म्हणून पॉलिश पेपर घेतला. अर्ध्या तासाने हाताला लालसर भुकटी लागली. तो तारखेचा शिक्का होता. महिना दिसेनासा झाला होता आणि सालाचा एक आकडा उरला होता. साठ वर्षं, तीन मालक आणि इतके पावसाळे सोसून टिकलेली ती शाई मी स्वच्छतेच्या हौसेपोटी घालवली. त्या दिवसापासून मी कुठलाही ड्रम उघडला की आधी छायाचित्रं काढतो, वहीत टिपणं करतो आणि एक रात्र त्याला हात लावत नाही.

काय करायचं नाही, हेच या कामात आधी शिकावं लागतं. क्रोमवरचा गंज पाहून तारेचा ब्रश उचलायचा नाही. लोखंडी कड्यावरचा हलका गंज अॅल्युमिनियमच्या चुरगळलेल्या कागदाने आणि साध्या पाण्याने निघतो. अॅल्युमिनियम क्रोमहून मऊ असल्याने ओरखडा पडत नाही. जुन्या चिकटपट्टीचा डिंक लायटरच्या पेट्रोलने सुटतो, पण खिडकी उघडी ठेवूनच, कारण त्या काळातलं सेल्युलॉइडचं वेष्टनही झटकन पेट घेतं. लगच्या आत एक छोटी स्प्रिंग असते, ती ड्रम वाजताना गुणगुणते. तिच्याभोवती नमद्याचा तुकडा गुंडाळला की गप्प होते. पूर्वीचे कारागीर तिथे कापूस कोंबत, आणि तो पिवळा पडलेला कापूस मिळाला तर मी तोच परत ठेवतो.

काही दोषांना उपाय नसतो, ते मान्य करावे लागतात. लडविगचा 'सुप्राफॉनिक' हा स्नेअर, म्हणजे खालच्या पानाला तारा लावलेला ड्रम, असंख्य ध्वनिमुद्रिकांत ऐकू येतो. त्याचं खोड १९६३च्या सुमारास पितळेऐवजी अॅल्युमिनियमचं झालं. अॅल्युमिनियमवर क्रोम घट्ट बसत नाही, म्हणून कालांतराने त्यावर मुरमांसारखे फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. कितीही घासा, ते जात नाहीत. आवाजात मात्र काही उणं नसतं. गिऱ्हाईक विचारतं, चकचकीत करून द्याल का? नाही म्हणावं लागतं, आणि तो ड्रम त्याच रूपात घ्यायला त्याचं मन वळवावं लागतं.

काठाचं काम सगळ्यात जबाबदारीचं. सपाट दगडावर खरखरीत कागद चिकटवून खोड त्यावर गोल गोल फिरवायचं, दर काही फेऱ्यांनी पुन्हा बॅटरी, पुन्हा अंधार. लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही. शिवाय हा काठ कापला गेला तेव्हा कातड्याची पानं होती की प्लॅस्टिकची, हेही बघावं लागतं. १९५७च्या सुमारास रेमो बेली या ड्रमवादकाने पॉलिएस्टरच्या फिल्मची पानं बाजारात आणली आणि वासराच्या कातड्याचं राज्य संपलं. मुंबईच्या जुलै महिन्यात कातड्याचं पान सैलावून पापडासारखं लोळतं, हे ज्याने अनुभवलंय त्याला त्या शोधाचं मोल सांगावं लागत नाही. कातड्याच्या काळातले काठ बहुधा गोलसर, त्यांचा आवाज उबदार. त्यांना नव्या पद्धतीची ४५ अंशांची धार काढली तर ड्रम जास्त घुमतो खरा, पण तो दुसराच ड्रम होतो.

या छंदातून धंद्यात गेलेल्या दोन माणसांची नावं घेतल्याशिवाय राहवत नाही. जॉन ऑल्ड्रिज यांना १९२०च्या दशकातल्या 'ब्लॅक ब्यूटी' या स्नेअरचं वेड. पितळेच्या खोडावर काळ्या निकेलचा मुलामा आणि त्यावर हाताने कोरलेली वेलबुट्टी. छिन्नी डावी-उजवीकडे डोलवत पुढे सरकवायची, की काळ्यातून पितळ उजळत नागमोडी रेघ उमटते. ऑल्ड्रिज ती कला शिकले आणि पुढे खुद्द लडविगसाठी ड्रम कोरू लागले. जुन्या ड्रमवर 'नॉट सो मॉडर्न ड्रमर' हे नियतकालिकही त्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस काढलं. दुसरे कॅलिफोर्नियाचे जॉनी क्रॅव्हिओटो. ते स्लिंगरलँड कंपनीच्या 'रेडिओ किंग' या स्नेअरवर भाळले होते. ड्रमवादक जीन क्रुपामुळे गाजलेल्या त्या स्नेअरचं खोड मेपलच्या एकाच अखंड फळीला वाफ देऊन गोल वळवलेलं असे. कारखान्यांनी ती पद्धत केव्हाच सोडली होती. क्रॅव्हिओटो यांनी १९८०च्या दशकात तसं खोड वळवून दाखवलं आणि २०१६ मध्ये जाईपर्यंत तेच करत राहिले. दोघांनीही आधी जुन्याकडे लक्ष देऊन पाहिलं, बाजार नंतर आला.

पैशाचं गणित सरळ आहे आणि कठीण आहे. एका संचाला महिनाभराच्या संध्याकाळी लागतात. तासांचा हिशेब मांडला तर नफा दिसेनासा होतो, म्हणून बहुतेकजण ड्रम विकण्यापेक्षा दुसऱ्यांचे काठ नीट करून, वेष्टनं बदलून, नेमका तोच जुना स्क्रू शोधून देऊन टिकतात. सुट्या भागांचे डबे हीच खरी पुंजी. आणि इथेच मोह होतो: चांगला संच अखंड विकण्यापेक्षा सुटा सुटा करून विकला तर कित्येकदा जास्त पैसे मिळतात. साठ वर्षं एकत्र राहिलेले तीन ड्रम, एकाच रंगाचे, एकाच महिन्यात बनलेले, तीन गावांना जातात. मी ते करत नाही. त्यापायी महिने कोरडे गेले आहेत.

दुसरा मोह लपवण्याचा. आज नवीन वेष्टन जुन्यासारखं मिळतं, बिल्ल्याची नक्कलही मिळते, आणि बुजवलेलं भोक वेष्टनाखाली दिसत नाही. घेणारा दूर असतो, ड्रम उघडून बघायची विद्या त्याच्यापाशी नसते. म्हणून माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक ड्रमच्या आत, वरच्या पानाखाली, एक कार्ड असतं. त्यावर मूळचं काय आणि बदललेलं काय ते लिहिलेलं असतं, भोकांची संख्याही. पहिले काही व्यवहार या कार्डामुळे मोडले. नंतरची बहुतेक गिऱ्हाइकं ते कार्ड पाहिलेल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून आली.

वांद्र्याचा तो टॉम मी विकला नाही. तो देणाऱ्या बाईंचा नातू आता ड्रम शिकतो, त्याला तो गेल्या डिसेंबरात परत दिला. वेष्टन हिरवंच ठेवलं आहे. आतल्या कार्डावर लिहिलंय: खोड मूळचं. काठ मूळचे, एका जागी हलके घासलेले. लग सहा, त्यातला एक दुसऱ्या कंपनीचा, तुझ्या पणजोबांनी बसवलेला. पानं नवीन. तारखेचा शिक्का होता, माझ्या हातून पुसला गेला.