खर्चाचा हिशेब मिळतो, पैशाचा माग लागत नाही

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नवे नगरसेवक निवडून यायला जानेवारी २०२६ उजाडलं. मधल्या काळात राज्यातल्या बहुतेक महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या. आता प्रभागाला पुन्हा प्रतिनिधी मिळाला आहे आणि त्याच्या मतानं कंत्राटं ठरणार आहेत, भूखंडांची आरक्षणं बदलणार आहेत. त्या प्रतिनिधीच्या निवडणुकीत पैसा कोणी घातला, हे विचारण्याची हीच वेळ आहे. पण या विषयावर बोलणं निघालं की दोनच सूर ऐकू येतात. कोणी म्हणतं, हे सगळं कागदोपत्री असतं, सोडून द्या. कोणी म्हणतं, देणगी घेतली म्हणजे माणूस विकला गेला. कायदा नेमकं काय म्हणतो, ते या दोन्ही सुरांत हरवतं आणि त्याचा फायदा फक्त हिशेब टाळू पाहणाऱ्याला होतो.

«हे सगळं दिल्लीचा निवडणूक आयोग बघतो»

नाही. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे असतात. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीनं ही स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली आणि महाराष्ट्राचा आयोग १९९४ मध्ये स्थापन झाला. खर्चाची मर्यादा ठरवणं, हिशेबाचा नमुना ठरवणं, हिशेब न देणाऱ्याला अपात्र ठरवणं, हे सगळं त्याच्या कक्षेत येतं. स्थानिक निवडणुकांसाठी पक्षांना या आयोगाकडेही नोंदणी करावी लागते आणि ती नोंदणी टिकवावी लागते. जुलै २०१६ मध्ये आयोगानं १९१ पक्षांची नोंदणी रद्द केली, कारण त्यांनी लेखापरीक्षित हिशेब आणि प्राप्तिकर विवरणपत्रं दिली नव्हती. त्यात विधानसभेत आमदार असलेला पक्षही होता. स्थानिक पातळीवरच्या आयोगाला दात नाहीत असं मानणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

«हिशेब ही औपचारिकता, पडलेल्या उमेदवाराला तर तो द्यावाच लागत नाही»

हा गैरसमज सर्वांत महाग पडतो, आणि पडतो तोही साध्यासुध्या माणसाला. निकालानंतर तीस दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवारानं निवडणूक खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. जिंकलेला, हरलेला, अनामत गमावलेला, बिनविरोध आलेला, कोणीही त्यातून सुटत नाही. सबळ कारण नसताना हिशेब दिला नाही, तर महापालिका आणि नगरपालिकांच्या कायद्यानुसार तीन वर्षं आणि ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४-ब नुसार पाच वर्षं अपात्रता येते. निवडून आलेल्याचं पद त्यात जाऊ शकतं.

गावाकडे हे कलम कोणाला लागतं ते पाहिलं की वाईट वाटतं. मुरलेला पुढारी कागद वेळेवर देतो; त्याच्याकडे त्यासाठी माणूस असतो. पहिल्यांदा राखीव जागेवर उभी राहिलेली, जेमतेम काही हजार रुपये खर्च केलेली बाई हरते, घरी जाते, आणि हिशेबाचं तिला कोणी सांगतच नाही. पुढच्या निवडणुकीच्या वेळी तिला कळतं की आपण अपात्र आहोत. उमेदवारी अर्ज भरून घेताना निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं ही एक गोष्ट तोंडी, समजेल अशा भाषेत सांगितली पाहिजे. स्वतंत्र बँक खातं, रोजच्या खर्चाची नोंद, शेवटचा एकत्रित हिशेब, एवढाच हा मामला आहे. आयोगाच्या ‘ट्रू व्होटर’ या मोबाइल ॲपवरही खर्च नोंदवता येतो.

«मर्यादेच्या आत आकडा दाखवला की काम झालं»

मुंबई, पुणे आणि नागपूर महापालिकांसाठी उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा आयोगानं २०२५ मध्ये १५ लाख रुपये केली. मुंबईत ती पूर्वी १० लाख होती. प्रचाराचे दिवस डोळ्यांनी पाहिलेल्या कोणालाही हा आकडा आणि रस्त्यावरचं दृश्य यांतलं अंतर जाणवतं. तरी वेळेवर दिलेला कागद खरा की खोटा, हे तपासण्याचा अधिकारच कोणाला नाही, अशी समजूत पसरलेली आहे.

सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१४ रोजी नेमक्या याच प्रश्नावर निकाल दिला, आणि प्रकरण महाराष्ट्रातलंच होतं. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत अशोक चव्हाण यांनी दिलेल्या हिशेबात वर्तमानपत्रांत छापून आलेल्या मजकुराचा खर्च दाखवलेला नाही, अशी तक्रार होती. पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांचा वाद देशभर गाजला तो याच निवडणुकीतून. न्यायालयानं सांगितलं की कायद्याला अपेक्षित असलेला हिशेब म्हणजे खरा हिशेब, आणि तो खरा आहे का हे तपासण्याचा अधिकार भारत निवडणूक आयोगाला आहे. पुढे आयोगानं चव्हाण यांच्याविरुद्ध काढलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी रद्द केला, हेही सांगायला हवं. पण तपासणीच्या अधिकाराचं तत्त्व कायम राहिलं. हा निकाल लोकप्रतिनिधित्व कायद्यावरचा आहे. आपल्या पालिका कायद्यांतल्या तरतुदीची भाषा जवळपास तीच आहे.

«बॅनर कार्यकर्त्यांनी प्रेमानं लावले, माझा काय संबंध?»

उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारासाठी सभा, जाहिरात, पत्रक यांवर खर्च करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा आहे, आणि जुन्या दंड संहितेतही तो होता. दंड दहा हजार रुपयांपर्यंत. म्हणजे दोनपैकी एकच गोष्ट खरी असू शकते: उमेदवारानं परवानगी दिली असेल तर तो खर्च हिशेबात यायला हवा, आणि दिली नसेल तर खर्च करणारा दोषी आहे. ‘प्रेमानं लावले’ या उत्तराला कायद्यात जागा नाही. दंड किरकोळ आहे, हे मात्र खरं.

«निवडणूक रोखे रद्द झाले, आता देणगीदार उघड झाले»

इथे थोडं थांबायला हवं, कारण खरी पोकळी इथेच आहे.

सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले. तो निकाल पक्षांना मिळणाऱ्या निनावी पैशाबद्दल होता. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार पक्षाला वीस हजारांहून मोठ्या देणग्यांची माहिती भारत निवडणूक आयोगाला वर्षातून एकदा द्यावी लागते. आता ही यादी घेऊन आपल्या प्रभागाचा विचार करून बघा. त्यात पक्षाला मिळालेली रक्कम दिसेल. त्यातली किती आपल्या वॉर्डात आली, ते दिसणार नाही. आणि प्रभागातली मदत बहुतेक वेळा पक्षाच्या खात्यातून येतही नाही. ठेकेदाराच्या गाड्या पंधरा दिवस प्रचारात फिरतात. बांधकाम व्यावसायिक त्याचा रिकामा गाळा कार्यालय म्हणून वापरायला देतो. मंडपवाला बिल नंतर बघू म्हणतो. हे धनादेशानं होत नाही आणि देणगी या नावानंही होत नाही.

अपात्रतेची आपली कलमं ‘निवडणूक खर्चाचा हिशेब’ मागतात. कायद्याचा सगळा भार खर्चाच्या बाजूवर आहे, पैसा कुठून आला या बाजूवर नाही. प्रभागातल्या कोणत्या व्यावसायिकानं कोणत्या उमेदवाराला काय दिलं, हे नागरिकाला एका जागी पाहता येईल अशी नोंदवही आपल्याकडे नाही. खासदाराच्या बाबतीत हे चालवून घेता येईल असं मी म्हणत नाही, पण नगरसेवकाच्या बाबतीत ते अधिक घातक आहे. खासदार आणि देणगीदार यांच्यामध्ये मंत्रालयं आहेत, संसद आहे, शेकडो सहकारी आहेत. मुंबई सोडून इतर महापालिकांत कंत्राटांना मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत मात्र सोळाच जण बसतात. देणारा, घेणारा आणि फाईल, तिघंही एकाच इमारतीत असतात.

दुसरीकडे हे कसं हाताळतात याचं एक उदाहरण कॅलिफोर्नियाचं आहे. तिथे ज्याचा परवाना किंवा कंत्राट समोर आहे त्याच्याकडून गेल्या बारा महिन्यांत ५०० डॉलरहून जास्त देणगी घेतली असेल, तर त्या लोकप्रतिनिधीला ती उघड करून निर्णयातून बाजूला व्हावं लागतं. निर्णयानंतरचे बारा महिनेही अशी देणगी घेता येत नाही. गंमत म्हणजे शहरांच्या आणि काउंटींच्या निवडून आलेल्या मंडळांना तिथेही बरीच वर्षं यातून सूट होती. १ जानेवारी २०२३ पासून ती काढली. आपल्याकडे असा नियम आणायला घटनादुरुस्ती लागणार नाही. पालिका कायद्यात एक कलम घालणं विधिमंडळाच्या हातात आहे.

«निवडणुकीला देणगी घेणं म्हणजेच लाच»

तसं नाही, आणि हा भेद पुसला तर प्रामाणिक उमेदवाराला उभंच राहता येणार नाही. ज्याच्याकडे स्वतःचे पैसे नाहीत त्यानं लोकांकडून वर्गणी घेऊन निवडणूक लढवणं हे लोकशाहीला धरूनच आहे. प्रश्न बदल्यात काय ठरलं याचा असतो. काम करून देण्याच्या किंवा अडवण्याच्या मोबदल्यात घेतलेला पैसा, त्याला देणगी म्हटलं तरी, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात बसतो. नगरसेवक हा ‘लोकसेवक’ नाही असा बचाव एकेकाळी केला जायचा. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये राजस्थानातल्या एका प्रकरणात तो फेटाळला. २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र त्याच्याकडून पैसे जबरदस्तीनं उकळले असतील आणि त्यानं सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर त्याला संरक्षण आहे. छोट्या ठेकेदारांना ही सवलत माहीत असायला हवी.

«कंत्राट मेहुण्याच्या नावावर आहे, माझ्या नाही»

महापालिका कायदा आणि ग्रामपंचायत कायदा, दोन्हींत पालिकेच्या किंवा पंचायतीच्या कंत्राटात सदस्याचा ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’, स्वतः किंवा भागीदारामार्फत, वाटा वा हितसंबंध असेल तर अपात्रता येते. कामाला स्वतःचं नाव नसलं की सुटलो, हे म्हणून चुकीचं. उलट, नातं आहे एवढ्यानंच अपात्रता येते, हेही चुकीचं. सर्वोच्च न्यायालयानं १९६६ मध्येच सांगितलं होतं की भावनिक जिव्हाळा पुरेसा नाही. हितसंबंध आर्थिक किंवा तशाच भौतिक स्वरूपाचा हवा, मग तो अप्रत्यक्ष असला तरी चालेल.

गोव्यातलं एक प्रकरण यात फार बोलकं आहे. पंचायत सदस्य असलेल्या महिलेच्या पतीला त्याच पंचायतीचं काम मिळालं होतं. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. पतीच्या कंत्राटाच्या उत्पन्नात पत्नीचा वाटा आपोआप येतो, म्हणून ती अपात्र, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ठरवलं. महाराष्ट्रात अशी सामाईक मालमत्ता नाही, त्यामुळे इथे तक्रारदाराला पैशाचा धागा पुराव्यानं दाखवावा लागतो: एकच बँक खातं, एकच घर, एकच व्यवसाय. महापालिका कायद्यात पळवाटही आहे. कंत्राट घेणाऱ्या नोंदणीकृत कंपनीत किंवा सहकारी संस्थेत भाग असणं एवढ्यानं अपात्रता येत नाही. ही सवलत मोठ्या कंपनीचे दहा-वीस शेअर असलेल्या माणसासाठी ठीक आहे. घरातल्याच चारजणांची कंपनी असेल तर ती ठीक नाही, आणि ती बदलायला हवी.

«सामान्य माणूस यात काही करू शकत नाही»

उमेदवाराचं शपथपत्र, त्यातली मालमत्ता, कर्जं आणि फौजदारी प्रकरणं, ही माहिती निवडणुकीच्या वेळीच जाहीर होते. निवडणुकीनंतर दिलेला खर्चाचा हिशेब माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून मागता येतो. दुसऱ्या स्वतंत्र अर्जात गेल्या दोन वर्षांत प्रभागात दिलेल्या कार्यादेशांची यादी मागावी आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत. प्रचारात ज्यांच्या गाड्या दिसल्या ती नावं त्या यादीत आहेत का, हे तिथेच राहणाऱ्या माणसाला जितकं पटकन कळतं तितकं कोणत्याही तपास अधिकाऱ्याला कळत नाही.

पुढची पायरी गावात सोपी आहे आणि शहरात अवघड. ग्रामपंचायत सदस्याच्या अपात्रतेचा प्रश्न कोणीही व्यक्ती थेट जिल्हाधिकाऱ्यांपुढे अर्ज करून उपस्थित करू शकते, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी तो शक्यतो साठ दिवसांत निकाली काढायचा असतो. महापालिकेत मात्र हा वाद आयुक्तांनी न्यायाधीशांकडे पाठवायचा असतो. मुंबई-पुण्याच्या मतदाराला गावातल्या मतदाराइतकाही थेट अधिकार नाही. त्याला आधी आयुक्तांकडे लेखी अर्ज द्यावा लागतो. तो आवक क्रमांक घेऊन द्यावा आणि त्यावर काय झालं, हे महिन्याभरानं पुन्हा माहिती अधिकारात विचारावं.