विहीर 'बंद' करणे : एका पारिभाषिक क्रियापदाचा विचार

परिभाषा सिद्ध करताना प्रथम क्रिया समजून घ्यावी आणि मग तिला नाव द्यावे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. व्यवहारात मात्र कोशात प्रतिशब्द सापडला की काम संपले, असे आपण समजतो. ह्या सवयीने कोणता अनर्थ संभवतो, हे दाखविण्यासाठी प्रस्तुत लेखात अमेरिकेतील एक उदाहरण घेतले आहे. ते म्हणजे जुन्या पेट्रोलपंपांच्या जागेतील निरीक्षण-विहिरी कायमच्या बंद करण्याचे.

अमेरिकेतील पेट्रोलपंपांच्या जुन्या भूमिगत टाक्या बहुतांशी साध्या पोलादाच्या असत. त्या गंजून गळू लागल्या आणि पेट्रोल भूजलापर्यंत झिरपू लागले. १९८४ साली अशा टाक्यांच्या नियमनाची कायदेशीर तरतूद झाली, १९८८ साली सविस्तर नियम निघाले आणि जुन्या टाक्या सुधारण्यास वा बंद करण्यास १९९८ च्या डिसेंबरपर्यंत मुदत मिळाली. जेथे गळती आढळली, तेथे प्रदूषण किती दूर पसरले हे पाहण्यासाठी निरीक्षण-विहिरी घेण्यात आल्या. 'विहीर' ह्या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पायऱ्या आणि रहाट उभे राहतात. ही विहीर मात्र बहुधा २ किंवा ४ इंच व्यासाची प्लास्टिकची नळी असते. तिच्या खालच्या भागास बारीक खाचा असतात. त्या भागाभोवती वाळू, वाळूच्या वर बेंटोनाइट ही पाण्याने फुगणारी माती आणि त्याच्या वर सिमेंट भरलेले असते. तिचे पाणी पिण्यासाठी नसते. ठराविक काळाने नमुना काढून त्यात बेंझीनसारखी द्रव्ये किती आहेत, एवढेच पाहतात.

शुद्धीकरण पुरे झाल्याचा निर्वाळा मिळाला, की ह्या विहिरींचे प्रयोजन संपते. धोका मात्र संपत नाही. भूगर्भातील चिकणमातीचे थर खालच्या पाण्याचे रक्षण करीत असतात आणि खोल विहिरीने ते भेदलेले असतात. झाकण फुटले किंवा नळी तडकली, तर पृष्ठभागावरील घाण त्या वाटेने सरळ खाली उतरते. ज्या विहिरीने प्रदूषणाचा शोध घेतला, तीच प्रदूषणाची वाट बनते.

ही वाट बुजविण्याच्या क्रियेला अमेरिकेतच एकमत असलेले नाव नाही. कॅलिफोर्नियाचे नियम तिला 'डिस्ट्रक्शन', म्हणजे विनाश, म्हणतात. मिनेसोटाचा कायदा 'सीलिंग' म्हणतो. अभियंत्यांच्या मानकात 'डिकमिशनिंग', म्हणजे सेवेतून काढणे, हा शब्द आहे. अनेक ठिकाणी 'अबॅन्डनमेंट' हा शब्द रूढ आहे आणि सर्वांत घातक तोच होय. व्यवहारात त्याचा अर्थ 'सोडून देणे'. नियमात त्याचा अर्थ 'रीतसर भरून टाकणे'. परिणामी एकाच विशेषणाने काळजीपूर्वक बुजविलेली विहीरही दर्शविली जाते आणि बेवारस पडलेलीही.

आता प्रत्यक्ष क्रिया पाहू. प्रथम परवाना घेतात आणि विहिरीची खोली मोजून ती मूळ नोंदीशी ताडून पाहतात. आत काही अडकले असल्यास काढतात. नळीभोवतालचे भरण विश्वसनीय नसेल, तर नळीसकट सारे पुन्हा खोदून बाहेर काढतात. मग एक बारीक नळी तळापर्यंत सोडून तिच्यातून सिमेंटचा पातळ लगदा खालून वर चढवीत आणतात. ९४ पौंडांच्या पोत्यास सुमारे ६ गॅलन पाणी, असे त्याचे साधारण प्रमाण असते. वरून ओतल्यास लगदा मध्येच अडकतो आणि त्याच्या खाली पोकळी राहते. म्हणून तळापासून भरणे हा ह्या क्रियेचा गाभा होय. लगदा बसून खाली गेल्यास पुन्हा भर घालतात. कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार नागरी वस्तीत विहिरीभोवती ५ फूट खोल खड्डा घेऊन तेवढी नळी कापून काढतात आणि लगदा त्या खड्ड्यात पसरू देऊन त्याची टोपी बनवितात. शेवटी ह्या साऱ्याची लेखी नोंद होते.

ह्या क्रियेस मराठीत काय म्हणावे? 'सील करणे' मराठीत रुळले आहे. पण त्याने दुकानाला ठोकलेले टाळे आणि त्यावरील सरकारी मोहोर आठवते. ते सील माणसाला अडविते, पाण्याला नव्हे. 'बुजविणे' हा अस्सल शब्द आहे. परंतु आपल्या अनुभवातील बुजविणे म्हणजे वरून दगडमाती लोटणे, म्हणजे नेमके जे येथे निषिद्ध आहे तेच. उघड्या कूपनलिकांत मुले पडून मरण पावत, म्हणून २०१० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या तळापासून भूपृष्ठापर्यंत भरण्याचे निर्देश दिले. त्यांत चिकणमातीबरोबर वाळू, गोटे, दगडही चालतात. मूल वाचविण्यास एवढे पुरते. खालचे पाणी वाचविण्यास पुरत नाही, कारण वाळूतून आणि गोट्यांतून पाणी वाहतच राहते.

म्हणून 'निश्छिद्र भरण' ही संज्ञा आणि बोलण्यात 'तळापासून लिंपून बुजविणे' हा प्रयोग सुचवावासा वाटतो. कोठून भरावयाचे आणि कशाला अडवावयाचे, ह्या दोन्ही गोष्टी त्या प्रयोगात स्पष्ट आहेत. पारिभाषिक शब्द सुटसुटीत असावा हे खरे. तथापि ज्याच्या हाती लगद्याची नळी आहे, त्याला तो चुकीचे काम शिकविणारा नसावा, हे अधिक महत्त्वाचे आहे.