कोला रेषेवरचे पाणी

व्हॉट्सॲपवर १९२२ सालच्या एका अमेरिकी वृत्तपत्राचे कात्रण अधूनमधून फिरत येते. नॉर्वेतल्या बर्गन शहरातला अमेरिकी वाणिज्यदूत त्यात कळवतो, की आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेनच्या आसपास बर्फ विरळ झाला आहे, सील दिसेनासे झाले आहेत आणि एक जहाज मोकळ्या पाण्यातून ८१ अंश २९ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत जाऊन आले. खाली पाठवणाऱ्याचा शेरा असतो: ‘शंभर वर्षांपूर्वीही हेच रडगाणे होते!’

बातमी खरी आहे. १९२० आणि ३०च्या दशकांत तिथले पाणी आणि हवा खरोखर उबदार झाली होती. पण आर्क्टिकचा एखादाच उन्हाळा उचलला, तर हवे ते सिद्ध करता येते. २०१३ पर्यंत ध्रुवावरचा उन्हाळी बर्फ संपेल, असे सांगणारेही होते. २०१२च्या सप्टेंबरमध्ये तो जेमतेम ३४ लाख चौरस किलोमीटर उरला, आणि नेमक्या २०१३ मध्ये ५० लाखांवर गेला. लगेच ‘बर्फ परत आला’चे मथळे झळकले. दोन्ही बाजूंची घाई सारखीच.

वर्षागणिक होणाऱ्या या चढउतारांच्या मुळाशी आहे अटलांटिकमधून बॅरंट्स समुद्रात शिरणारे कोमट पाणी. ते किती येते आणि वाटेत किती निवते, हे वाऱ्यावर आणि हिवाळ्याच्या कडाक्यावर अवलंबून असते, त्यामुळे एक साल दुसऱ्यासारखे नसते. शिवाय एक घनमीटर पाणी एक अंशाने निवले, की तीन हजारांहून जास्त घनमीटर हवा एक अंशाने तापेल एवढी ऊब बाहेर पडते. न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा: जाळ विझून तास उलटला तरी पाणी कढत असते. समुद्रालाही अशीच मागची आठवण असते, म्हणून नॉर्वेजवळचे पाणी मोजले की पुढच्या एक-दोन वर्षांत उत्तरेला काय होणार, याचा थोडा अंदाज येतो. नॅनसेन आणि हेलँड-हान्सेन या नॉर्वेच्या समुद्रशास्त्रज्ञांनी १९०९ मध्येच ही शक्यता मांडली होती.

नॅनसेनचे नाव सगळ्यांना ठाऊक. जहाज मुद्दाम बर्फात गोठवून घेणारा आणि पुढे शांततेचे नोबेल मिळवणारा माणूस विस्मरणात कसा जाईल? माझा कौल मात्र निकोलाय क्निपोविच या रशियन प्राणिशास्त्रज्ञाला. मुर्मान किनाऱ्यावरच्या मच्छीमारीसाठी निघालेल्या मोहिमेचा तो प्रमुख. ३३ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावरून उत्तरेकडे जायचे, ठरलेल्या जागी थांबायचे, ठरलेल्या खोलीवरचे तापमान घ्यायचे. कंटाळवाणे काम! ही मोजणी १९०० मध्ये सुरू झाली आणि मधले काही खंड सोडले तर आजवर चालत आली आहे. तिलाच कोला रेषा म्हणतात.

त्या आकड्यांत १९३०च्या दशकातली ऊब दिसते, १९७०च्या दशकाअखेरचा गारवाही दिसतो. कॉड माशाची पिल्ले उबदार सालांत बहुधा जास्त जगतात, त्यामुळे कोळ्यांचे नशीबही या चढउतारांवर हेलकावते. या शतकातली पहिली दोन दशके मात्र १९३०च्या दशकातल्या उबेलाही मागे टाकतात. कात्रणवाल्यांना हे उत्तर पुरावे.

मोजणीत असले सातत्य ठेवणाऱ्यांत आता आपण भारतीयही आहोत. स्वालबार्डच्या काँग्सफ्योर्डमध्ये २००६च्या हिवाळ्यात वाऱ्याच्या एका झटक्याने अटलांटिकचे पाणी आत घुसले आणि त्यानंतर त्या खाडीत पूर्वीसारखा बर्फ क्वचितच धरला. तिथेच जुलै २०१४ मध्ये १९२ मीटर खोलीच्या पाण्यात ‘इंडआर्क’ ही उपकरणांची माळ नांगरली गेली. गोव्यातल्या वास्को इथल्या ध्रुवीय संशोधन केंद्राने चेन्नईच्या समुद्र तंत्रज्ञान संस्थेबरोबर ती उभारली. बारा महिने ती पाण्याचे तापमान आणि क्षारता टिपत राहते, रात्र चार महिन्यांची असली तरी.

रशियाच्या कोला रेषेवर मात्र वेगळेच सावट आहे. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, मार्च २०२२ मध्ये, सागर संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रशियाचा सहभाग स्थगित केला. मासे रशिया आणि नॉर्वे या दोन्ही देशांच्या हद्दींत फिरत असल्याने नॉर्वेने मासेमारीपुरते बोलणे चालू ठेवले आहे.