स्तन आतून कसा असतो, आणि गाठ का लपवू नये

आजचा विषय आपल्या वैरागात काय, कुठेच चारचौघांत बोलला जात नाही: स्तन. मी सरळच सांगते.

आत साधारण 15 ते 20 खंड असतात, संत्र्याच्या फोडींसारखे. प्रत्येक खंडात दूध तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी, आणि तिथून स्तनाग्राकडे जाणाऱ्या नळ्या. मधली जागा चरबीची. आकार ठरतो तो मुख्यतः या चरबीवर. म्हणून ‘लहान स्तन, कमी दूध’ हे काही खरं नाही. बाळ चोखू लागलं की दोन संप्रेरकं कामाला लागतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं, ऑक्सिटोसिन ते नळ्यांतून पुढे ढकलतं.

पाळीच्या आधी याच ग्रंथी फुगतात, दुखतात, हाताला गाठीगाठी लागतात. पाळीनंतर ते ओसरतं. पण नव्याने आलेली, टणक, तशीच राहिलेली गाठ दाखवायचीच. “दुखत नाही ना, मग राहू दे” म्हणण्यातच वेळ जातो. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. स्तनातल्या लसिकावाहिन्या मुख्यतः काखेकडे जातात, म्हणून काखेतली गाठही तितकीच महत्त्वाची.

आपल्या तालुक्याच्या गावी, बार्शीला, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये बार्शीतच सुरू झाली. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण आपली कुठली, हे तपासल्यावरच कळतं. आईला, जावेला, शेजारणीला एवढं नक्की सांगा.