क्लब बुडाले, छेत्री उरला

पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटी गिरणीने 2011 च्या जूनमध्ये आपला फुटबॉल संघ मोडून टाकला. 1996-97 मध्ये देशातली पहिलीवहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकलेला हा संघ. चाळीस वर्षं तो पोसला. पण सामने टीव्हीवर दिसत नाहीत, प्रेक्षक फिरकत नाहीत, मग हा खर्च कशापायी, असा मालकांचा रोखठोक हिशेब. त्याच्या वर्षभर आधी मुंबईत महिंद्र युनायटेडनेही असाच गाशा गुंडाळला होता, तोही देशाचं विजेतेपद खात्यावर असताना. दोन्ही वेळा पेपरांत क्रीडापानाच्या कोपऱ्यात चार ओळी आल्या आणि विषय संपला.

जेसीटीतून 2008 मध्ये बाहेर पडलेला एक आघाडीचा खेळाडू तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि नव्या क्लबच्या शोधात होता. सुनील छेत्रीची कारकीर्द कागदावर मांडली की ती रेल्वेच्या वेळापत्रकासारखी दिसते: दिल्लीत सिटी एफसी, मग 2002 पासून मोहन बागान, 2005 पासून जेसीटी, 2008 मध्ये ईस्ट बंगाल, 2009 मध्ये गोव्याचा डेंपो, 2010 मध्ये अमेरिकेतला कॅन्सस सिटी विझार्ड्स, 2011 मध्ये कोलकात्याचा चिराग युनायटेड, पुन्हा मोहन बागान, 2012 मध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंगचा ‘ब’ संघ, तिथून लोनवर गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. आणि जुलै 2013 मध्ये बेंगळुरू.

त्यानंतर, मुंबईचा एक अपवाद सोडला तर, तो मुक्कामी राहिला. म्हणून आज त्याचं कौतुक होतं ते एकनिष्ठ म्हणून. मला हे कौतुक अर्धवट वाटतं. या यादीतले क्लब पुढे कुठे गेले ते पाहा. जेसीटी मोडला. चिराग युनायटेडचं प्रायोजक बदलताच प्रयाग युनायटेड झालं, मग नुसतं युनायटेड, आणि 2014 मध्ये तो क्लब आय-लीगमधून, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या अव्वल लीगमधून, बाहेर पडला. चर्चिल ब्रदर्सने 2013 मध्ये आय-लीग जिंकली आणि पुढच्याच वर्षी परवान्याच्या अटींत बसत नाही म्हणून त्याला दाराबाहेर उभं केलं गेलं. पाच वेळा देशाचा विजेता ठरलेल्या डेंपोने 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा यांच्यासोबत, लीगच्या नव्या रचनेचा निषेध म्हणून, अंग काढून घेतलं. कॅन्सस सिटी विझार्ड्सचंसुद्धा छेत्री तिथे असतानाच्याच वर्षाअखेरीला नाव बदललं. प्रत्येक ठिकाणी क्लब बुडाला म्हणून तो निघाला, असं नाही. बऱ्याच जागा त्याने आधीच सोडल्या होत्या. पण भारतात व्यावसायिक फुटबॉलपटू फिरता असतो तो स्वभावाने नव्हे. पायाखालची फळी कधी निघेल याचा भरवसा नसतो, म्हणून तो फिरतो.

फिरते खेळाडू दुसरीकडेही असतात. कॅनडात अमेरिकन फुटबॉलच्या जवळचा, पण 110 यार्डांच्या मैदानावरचा वेगळाच खेळ आहे. तिथे हल्ल्याची सगळी सूत्रं हाती असणाऱ्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात आणि या जमातीला गावोगाव फिरायची सवयच असते. डेमन ॲलन 1985 ते 2007 असे तेवीस हंगाम खेळला: एडमंटन, ओटावा, हॅमिल्टन, परत एडमंटन, मेम्फिस, व्हँकुव्हर, टोरांटो. चार वेळा तिथल्या विजेतेपदाचा ग्रे कप जिंकला. त्याचेही दोन संघ बुडाले. मेम्फिसचा तर एकाच हंगामात. पण अखेरीला तो पोचला त्या टोरांटो आर्गोनॉट्सची स्थापना 1873 ची. म्हातारपणी टेकायला तिथे एक जुनी भिंत होती. छेत्री 2013 मध्ये ज्या क्लबात आला तो क्लब त्याच महिन्यात जन्मला होता.

सैन्यातल्या घरात वाढलेल्याला बदलीचं काही वाटत नाही. छेत्रीचे वडील लष्कराच्या ईएमईमध्ये, म्हणजे तंत्रशाखेत. जन्म सिकंदराबादचा, 3 ऑगस्ट 1984. शिक्षण दार्जिलिंग, गंगटोक, दिल्ली असं तुकड्यातुकड्यांनी. आई सुशीला आणि तिची जुळी बहीण नेपाळच्या महिला संघातून खेळलेल्या, तेव्हा चेंडू घरातच होता. 12 जून 2005 रोजी क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध तो पहिल्यांदा देशासाठी उतरला आणि त्याच सामन्यात गोल केला. 2008 मध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर एएफसी चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानविरुद्ध हॅटट्रिक केली. त्या विजयामुळे भारत 2011 च्या आशिया कपात पोचला.

परदेशवारीचं प्रकरण मात्र कडवट आहे. 2009 मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी त्याचं जमलं होतं, पण ब्रिटनने कामाचा परवाना नाकारला. कारण काय, तर भारत फिफाच्या क्रमवारीत पहिल्या सत्तरात नाही. म्हणजे पोराची पात्रता ठरली ती देशाच्या आकड्यावरून. कॅन्सस सिटीत तो लीगचा एकही सामना खेळला नाही. यूएस ओपन कपात आणि मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात उतरला, बस्स. लिस्बनलाही ‘ब’ संघातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लढती. आपल्याकडे या दोन्ही वाऱ्या ‘झेप’ म्हणून छापून आल्या होत्या. प्रत्यक्षात तो तिथे बाकावर बसला. चांगल्या सुविधा कशा असतात ते त्या बाकावरून पाहून आला, एवढा फायदा झाला असेल.

आता बेंगळुरू. मराठी माणसाला हे शहर क्रिकेटचं वाटतं. द्रविड आणि कुंबळे म्हटलं की पुढे बोलायची गरज उरत नाही. पण लष्करी छावणीच्या या गावाला फुटबॉलचा नाद फार जुना. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताने फ्रान्सविरुद्ध 1-2 अशी हार खाल्ली, त्यातला भारताचा एकमेव गोल सारंगपाणी रमणचा, म्हणजे बेंगळुरूच्या पोराचा. अहमद खान आणि धनराज इथलेच. पण नाव झालं ते कोलकात्यात, ईस्ट बंगालच्या ‘पंच पांडवां’त. म्हैसूर संस्थान आणि नंतर राज्य या नावाने इथल्या संघाने संतोष ट्रॉफी चार वेळा जिंकली, पण 1969 नंतर जी हुलकावणी मिळाली ती थेट 2023 पर्यंत. एचएएल, आयटीआय अशा सरकारी कारखान्यांच्या संघांनी मधली दशकं निभावून नेली. या संघांत खेळाडूला नोकरी असे, पेन्शन असे, सकाळी सराव आणि दुपारी हजेरीपट. एचएएल आय-लीगपर्यंत पोचला आणि 2012 मध्ये खाली घसरला. तोवर या शहरातला गुणी पोरगा कोलकात्याचं किंवा गोव्याचं तिकीट काढायचा. 2013 पासून उलटी वाहतूक सुरू झाली.

जेएसडब्ल्यू या मुंबईच्या पोलाद उद्योगसमूहाने 2013 च्या जुलैमध्ये बेंगळुरू एफसी उभा केला, तो आय-लीगमध्ये थेट प्रवेश घेऊनच. खाली शाखा नाही, मागे इतिहास नाही, इंग्रज प्रशिक्षक ॲशली वेस्टवुड आणि कप्तान छेत्री. सामने अशोकनगरच्या जुन्या फुटबॉल स्टेडियमवर. त्या मैदानाच्या पश्चिमेच्या स्टँडमध्ये जमलेल्या पोरांनी ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ नावाची पाठीराख्यांची टोळी काढली. क्लब पुढे कंठीरव्यावर गेला, तरी नाव तेच राहिलं. कंठीरवा हे मुळात ॲथलेटिक्सचं मैदान, प्रेक्षक आणि गोल यांच्यामध्ये धावपट्टी पसरलेली. तरीही तिथला आवाज खेळाडूंच्या कानांत जातो.

पहिल्याच हंगामात, 21 एप्रिल 2014 रोजी, मडगावच्या फातोर्ड्याला डेंपोला 4-2 असं हरवून या नव्या क्लबने आय-लीग घेतली. योगायोग बघा, समोर छेत्रीचाच जुना संघ, मैदान त्याच्याच जुन्या गावचं. 2015-16 मध्ये पुन्हा विजेतेपद. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये एएफसी कपच्या उपान्त्य फेरीत मलेशियाच्या जोहोर दारुल ताझिमला कंठीरव्यावर 3-1 असं हरवलं, त्यात छेत्रीचे दोन गोल. आशियाच्या त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेला हा पहिला भारतीय क्लब. अंतिम सामना दोह्यात, तो इराकच्या अल-कुवा अल-जविय्याने 1-0 असा घेतला.

मधली एक गंमत सांगायलाच हवी. 2015 आणि 2016 मध्ये देशात दोन लीग होत्या. इंडियन सुपर लीग डिसेंबरात उरकायची आणि आय-लीग जानेवारीपासून चालायची. बेंगळुरू तेव्हा आय-लीगमध्ये. मग त्या रिकाम्या महिन्यांत छेत्री मुंबई सिटीकडून खेळायचा. 2015 च्या लिलावात मुंबईने त्याला एक कोटी वीस लाखांना घेतलं. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली. इंडियन सुपर लीगमध्ये भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक त्याने मुंबईच्या जर्सीत केली. वर्षाला दोन शहरं, दोन प्रशिक्षक, दोन पद्धती. दुसऱ्या कुठल्या देशात हा प्रकार खपला असता की नाही कोण जाणे.

त्याच मुंबईत, अंधेरीच्या मैदानात, 1 जून 2018 रोजी भारताने चायनीज तैपेईला 5-0 असं धुतलं. छेत्रीची हॅटट्रिक. प्रेक्षक 2,569. दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ काढून टाकला: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. 4 जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता, भर पावसात आणि तिकिटं संपलेली. एका कप्तानाला लोकांना असं हात जोडून बोलवावं लागलं, याचं सोहळ्यासारखं वर्णन झालं. जेसीटीच्या मालकांनी सात वर्षांपूर्वी जे कारण दिलं होतं तेच हे कारण, हे कुणी म्हटलं नाही.

त्याच्या खेळातल्या दोन गोष्टी जवळून पाहण्यासारख्या आहेत. एक हेडर. उंची जेमतेम 170 सेंटिमीटर, पण धिप्पाड बचावपटूंच्या पुढे जवळच्या खांबाशी आधी पोचायचं आणि चेंडूला फक्त दिशा द्यायची, हे गणित त्याला पक्कं बसलं आहे. एप्रिल 2025 मध्ये फातोर्ड्यावर एफसी गोव्याविरुद्धच्या सुपर लीगच्या उपान्त्य लढतीत भरपाईच्या वेळेत त्याने डोक्याने गोल मारला आणि बेंगळुरू एकूण 3-2 अशा फरकाने अंतिम फेरीत गेला. वय चाळीस. त्या हंगामात चौदा गोल.

दुसरी गोष्ट डोक्यातली. 3 मार्च 2023, कंठीरवा, केरळ ब्लास्टर्सविरुद्ध बाद फेरीचा सामना, 0-0, जादा वेळ नुकतीच सुरू झालेली. पेटीच्या बाहेर फ्री किक मिळाली. केरळचा गोलरक्षक भिंत लावण्यात गुंतलेला. शिट्टी नको, भिंत नको, असं छेत्रीने रेफरीला आधी सांगितलं आणि गोल मोकळा दिसताच चेंडू अलगद आत सोडला. नियमाला धरून. केरळच्या प्रशिक्षकाने चिडून अख्खा संघ मैदानाबाहेर नेला. पुढे केरळ ब्लास्टर्सला चार कोटींचा दंड झाला आणि प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी आली. खिलाडूपणाच्या नावाने कोचीत अजून बोटं मोडली जातात. मला विचाराल तर ती किक म्हणजे अकरा क्लबांत भाकरी कमावलेल्या माणसाचं शहाणपण आहे. समोरचा गाफील आहे हे बघायचं आणि त्याची परवानगी मागत बसायचं नाही.

या क्लबच्या गोष्टीत आपला एक मुंबईकरही आहे. राहुल भेके. ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, एफसी पुणे सिटी असं फिरत 2017 मध्ये तो बेंगळुरूला आला. यातल्या एफसी पुणे सिटीचं 2019 मध्ये काय झालं ते पुणेकरांना ठाऊक आहे. संघ हैदराबादला गेला. पुण्याने त्याआधी पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स असे आणखी तीन क्लब गमावले. 17 मार्च 2019 रोजी अंधेरीत सुपर लीगचा अंतिम सामना होता, बेंगळुरू विरुद्ध एफसी गोवा. नव्वद मिनिटं कोरी गेली, जादा वेळही सरत आली. 117 व्या मिनिटाला दिमास देल्गादोने कॉर्नर मारला, गर्दीतून भेके उसळला आणि मुंबईच्या पोराने मुंबईत बेंगळुरूला पहिली सुपर लीग मिळवून दिली. 2021 मध्ये तो मुंबई सिटीत गेला. एप्रिल 2022 मध्ये रियाधला त्याच अल-कुवा अल-जविय्याविरुद्ध त्याने पुन्हा कॉर्नरवर हेडर मारला आणि एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबाचा पहिला विजय नोंदला गेला. 2024 मध्ये तो परत बेंगळुरूत. 19 मार्च 2025 रोजी शिलाँगला मालदीवविरुद्ध भारताचा पहिला गोल भेकेचा, तिसरा छेत्रीचा. छेत्री आदल्या वर्षी जूनमध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध देशाचा निरोप घेऊन बसला होता. गोल करणारं दुसरं कुणी सापडेना म्हणून त्याला परत बोलावलं. तो त्याचा देशासाठीचा 95 वा गोल. भारतीय फुटबॉलच्या अवस्थेबद्दल यापेक्षा बोलका पुरावा मागायला नको.

3 ऑगस्ट 2025 रोजी छेत्रीने एक्केचाळीस पूर्ण केली. दुसऱ्याच दिवशी बेंगळुरू एफसीने जाहीर केलं की पहिल्या संघातले खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवत आहोत. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरात संपत होता, नूतनीकरणाचा पत्ता नव्हता, हंगाम होणार की नाही तेच कुणाला सांगता येत नव्हतं. अकादमीला हात लावणार नाही, असंही क्लबने सांगितलं. सर्वांत शिस्तीचा, सर्वांत भक्कम मालकाचा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवायचं, त्या क्लबवर ही वेळ आली. फगवाड्याच्या गिरणीकडे निदान कापसाच्या धंद्याची सबब होती. इथे पोलाद विकणाऱ्याकडे पैसा होता, शहराकडे प्रेक्षक होता, आणि तरीही खेळायला लीग आहे की नाही हे दिल्लीतल्या एका सहीवर अडलेलं होतं. त्या ऑगस्टमध्ये छेत्रीच्या हातात बूट होते, करार होता आणि पुढच्या सामन्याची तारीख नव्हती.