कासच्या पठाराची निगराणी

साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ १२०० मीटर उंचीवर पसरलेले कासचे पठार सरकारदप्तरी राखीव वन म्हणून दाखल असले, तरी दाट झाडीच्या अपेक्षेने भर उन्हाळ्यात तेथे जाणाऱ्यास काळवंडलेला जांभा आणि वाळके गवत यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. परंतु भाद्रपद लागता लागता तोच कातळ तेरडा, गेंद, सोनकी आणि सीतेची आसवे यांनी आच्छादला जातो. सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक जाती नोंदल्या गेलेल्या या भूमीचा २०१२ साली जागतिक वारशात समावेश झाला, तो यथार्थच होय.

या वैभवाचे मूळ जमिनीच्या दारिद्र्यात आहे. बेसाल्ट खडकाची दीर्घकाळ उष्ण व दमट हवेत झीज होऊन, त्यातील सिलिका पाण्यावाटे वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली, म्हणजे जांभा तयार होतो. त्यावर मातीचा थर इतका पातळ की मोठ्या वृक्षाने मूळ धरावे कोठे? शिवाय पावसात पाणी साचून राहते आणि नत्र-स्फुरदाची वानवा असते. सीतेच्या आसवांचे इवले जांभळे फूल न तोडता, वाकून नीट पाहावे. त्या रोपाच्या तळाशी खरी मुळे नसून ओल्या मातीत पसरलेल्या तंतूंवर सूक्ष्म पिशव्या असतात. पिशवीतील पाणी वनस्पती बाहेर टाकते, आतला दाब घटतो, आणि एखाद्या सूक्ष्म जीवाचा दाराशी स्पर्श होताच, पापणी लवण्यापूर्वी तो पाण्यासह आत ओढला जातो. जे नत्र माती देत नाही, ते ही वनस्पती अशा रीतीने मिळवते.

अशा भूमीवर छायाचित्रासाठी चार पावले आत टाकणाऱ्या हजारो माणसांचा भार पडला, तर मातीचा हा विरळ थर दाबला जाऊन कोवळे अंकुर व त्यांखालचे बीज नाहीसे होणार, हे उघड आहे. म्हणूनच वनखाते आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांनी प्रवेशशुल्क, वाहनतळ आणि पर्यटकांची मर्यादा यांचा बंदोबस्त केला, तो सर्वस्वी योग्य होता. परंतु तारेचे कुंपण घालून गुरांनाही मज्जाव झाला, तेव्हा वेगळाच प्रश्न उभा राहिला. गुरे उंच गवत खातात, त्यामुळे बुटक्या फुलझाडांस ऊन मिळते, आणि शेणाने जमिनीस थोडे सत्त्वही लाभते, ही बाब ग्रामस्थ व अभ्यासक वारंवार मांडत राहिले. आणि पुढे कुंपण काढण्याचा निर्णय झाला. पिढ्यानपिढ्या चरणारी जनावरे ही त्या पठाराच्या घडणीचाच एक भाग होती, हे त्यातून ध्यानी यावे.

निसर्गरम्य वनाचे संरक्षण म्हणजे केवळ हद्दी आखून पहारा बसविणे, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. कोठे किती चराई हितकर, कोणत्या वाटेवर किती पावले सोसतात, याच्या नोंदी दरवर्षी शास्त्रीय पद्धतीने ठेवल्या जाव्यात, त्यांत तेथील गुराख्यांच्या अनुभवास स्थान असावे, आणि जमा होणाऱ्या शुल्काचा हिशेब गावापुढे मांडून त्यातला पुरेसा वाटा या निगराणीसाठी राखून ठेवावा. तेथे येणाऱ्या प्रत्येक नागरिकानेही आखलेल्या वाटेवरूनच चालावे, एवढा तरी भार आनंदाने उचलावा. कारण हे पठार राखण्याची जबाबदारी सरकारइतकीच तुमची-आमचीही आहे.